घरच्या पीनट बटरचा ब्रेड: एका रविवारी चिकट, तिसऱ्या रविवारी भुसभुशीत

ब्रेड ओव्हनमधून काढला तेव्हा वरून मस्त बदामी होता, मधोमध चीर पडून फुगलेला. दोन तासांनी कापला तर तळाशी बोटभर जाडीचा गच्च, ओलसर पट्टा. खिचडीतला साबुदाणा जास्त भिजला की कसा गोळा होतो, तसा तो भाग. दाबला की दबलेलाच राहायचा. पुढच्या रविवारी तेच प्रमाण, तोच टिन, आणि ब्रेड अगदी हवा तसा. त्याच्या पुढच्या रविवारी सुरी लावली की कडांचा भुगा, आणि घास उतरायला सोबत चहा हवाच.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. दाणे जांभळी नाक्यावरून आणते आणि पीनट बटर घरीच मिक्सरवर करते. लेकीला सकाळी क्लासला जाताना हातात धरून खाता येईल असं पोटभरीचं काहीतरी हवं होतं, म्हणून फेब्रुवारीत हा ब्रेड करायला घेतला. जुलैपर्यंत कधी जमला, कधी फसला. कारण सापडल्यापासून त्या कारणानं एकदाही फसलेला नाही. ते कारण मी शोधत होते तिथे नव्हतंच, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी प्रमाण सांगते. हा यीस्टचा ब्रेड नाही, बेकिंग पावडरवर फुगणारा आहे. यात अंडं नाही, लोणी किंवा तेल वेगळं घालायचं नाही. १९३० च्या दशकातल्या मंदीत अमेरिका-कॅनडाकडे असे ब्रेड करत, कारण लोणी आणि अंडी परवडत नसत आणि स्निग्धपणाचं सगळं काम पीनट बटर एकटं करतं. माझं प्रमाण असं: मैदा २५० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, बेकिंग पावडर ४ सपाट छोटे चमचे (५ मिलीच्या मापाचे), मीठ अर्धा छोटा चमचा, दूध ३२० मिली, पीनट बटर १३० ग्रॅम. साडेआठ बाय साडेचार इंचाचा टिन, १६५ ते १७० अंश सेल्सिअस, ५५ ते ६० मिनिटं. कपानं मोजत असाल तर कप २४० मिलीचा आहे ना, ते एकदा पाहून घ्या. बाजारात २०० आणि २५० मिलीचेही कप मिळतात, आणि घरातला चहाचा कप तर याहून लहान असतो. त्यापेक्षा वजनकाटा बरा.

ब्रेड कच्चा राहिला की पहिला संशय ओव्हनवर जातो, माझाही गेला. माझ्या ओटीजीच्या (ओट्यावरच्या विजेच्या छोट्या ओव्हनच्या) आत टांगायचा छोटा थर्मामीटर आणला. बटण १८० वर आणि आत जेमतेम १६०. म्हणजे मी १७० वर लावत होते तेव्हा आत दीडशेच्याच आसपास असणार. हा दोष खरा होता. बटण पुढे सरकवून आतलं तापमान १७० वर आणलं तेव्हा ब्रेडमध्ये फरक पडला, पट्टा थोडा बारीक झाला. पण गेला नाही. आणि मुख्य म्हणजे भुसभुशीत ब्रेडचं उत्तर यातून मिळत नव्हतं. ओव्हन कमी तापतोय म्हणून एक ब्रेड ओला राहील हे पटतं, पण तोच ओव्हन त्याच तापमानाला पंधरा दिवसांनी ब्रेड सुकवून कसा टाकेल?

उत्तर कॅलेंडरवर सापडलं. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतं, त्याच्या चौकोनांत दुधाचा, इस्त्रीचा, गॅसचा हिशोब लिहायची सवय आहे. ब्रेड केला की त्या रविवारच्या चौकोनात मी 'ब्रे' लिहून पुढे चिकट, ठीक किंवा कोरडा असं लिहीत होते. आणि दाणे भाजून पीनट बटर केलं की त्या दिवशी 'दाणे'. जूनच्या शेवटी मागची पानं उलटून पाहिली. 'दाणे' नंतरचा पहिला ब्रेड चिकट, दुसरा ठीक, तिसरा कोरडा. मग पुन्हा 'दाणे', पुन्हा चिकट, ठीक, कोरडा. मे महिन्यात तर ओळीनं तसंच. फेब्रुवारीच्या पानावर हा क्रम तितका स्पष्ट नव्हता, त्याचं कारणही पुढे कळलं.

अर्धा किलो दाण्यांचं मी एका वेळी पीनट बटर करते. साल काढून आणि थोडं मिक्सरला चिकटून वाया जाऊन पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरतं. एका ब्रेडला १३० ग्रॅम, म्हणजे बरणीत तीन ब्रेड बसतात आणि चपातीला लावायला थोडं उरतं. तीन ब्रेडचा फेरा बरणीचा होता.

मी बरणीतून शेवटचं पीनट बटर खरवडून काढत होते तेव्हा सासूबाई शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांचं माहेर सांगलीकडचं, गावात तेलाचा घाणा होता. त्यांनी बरणीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, वरचं तेल तू आधीच काढून घेतलंस. आता खाली पेंडच उरणार की."

पेंड! घाण्यातून तेल गेल्यावर मागे उरते आणि गुरांना घालतात ती. मी तीन आठवडे बरणीच्या वरून चमच्यानं काढत काढत खाली जात होते. वर आलेलं तेल पहिल्या ब्रेडमध्ये जात होतं आणि तिसऱ्या ब्रेडच्या वाट्याला ही पेंड येत होती.

दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. १०० ग्रॅम दाण्यात साधारण ४९ ग्रॅम तेल आणि २५-२६ ग्रॅम प्रथिनं. अर्ध्या किलो दाण्यांत पाव किलोच्या घरात तेल आलं. मिक्सरमध्ये वाटताना दाण्याच्या पेशी फुटतात, तेल मोकळं होतं आणि त्यात दाण्याचे बारीक कण तरंगत राहतात. तेल हलकं, कण जड. बरणी स्थिर राहिली की कण हळूहळू खाली बसतात आणि तेल वर येतं. उन्हाळ्यात तेल पातळ असल्यामुळे हे भराभर होतं, थंडीत सावकाश. म्हणून मे महिन्याच्या पानावर क्रम इतका ठळक आणि फेब्रुवारीत पुसट. मे महिन्यात चार दिवसांत माझ्या बरणीवर पेरभर तेल चढलेलं असायचं, आणि मला ते वरचं सैल, चकचकीत पीनट बटर ब्रेडला चांगलं वाटायचं.

ऐरोलीला माझी नणंद राहते. ती हाच ब्रेड विकतच्या पीनट बटरचा करते आणि तिचा दरवेळी सारखा होतो. मला आधी वाटायचं तिचा ओव्हन चांगला आहे. तिला फोन करून म्हटलं, डब्यावर काय लिहिलंय ते वाच. साखर, मीठ आणि हायड्रोजनेटेड वनस्पती तेल. हेच ते. तेल वर येऊ नये म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ रोझफील्ड यांनी पीनट बटरमध्ये हायड्रोजनेट केलेलं, घट्ट राहणारं तेल मिसळायची पद्धत काढली. त्यामुळे डब्याचा पहिला चमचा आणि शेवटचा चमचा सारखाच निघतो. "वहिनी, मग तूही विकतचंच आण ना," ती म्हणाली. पण मला घरचंच हवं होतं. दाणे भाजताना घरभर जो वास सुटतो तो मला सोडायचा नाही, आणि त्यात नुसते दाणेच असतात हेही आवडतं.

तरी नुसत्या कॅलेंडरवर विश्वास ठेवावासा वाटेना. म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात नवी बरणी पाच दिवस न ढवळता तशीच ठेवली. मग वरचं ६५ ग्रॅम एका वाटीत काढलं, मधलं बाजूला ठेवून तळाचं ६५ ग्रॅम दुसऱ्या वाटीत. अर्ध्या प्रमाणाचे दोन छोटे ब्रेड एकाच दिवशी, एकाच ओव्हनमध्ये, शेजारी शेजारी भाजले. वरच्या वाटीचं मिश्रण घावनाच्या पिठासारखं वाहत टिनमध्ये गेलं. तळाच्या वाटीचं मिश्रण चमच्यानं ढकलावं लागलं, टिनमध्ये ते गोळ्यागोळ्यांनी बसलं. भाजून झाल्यावर पहिला ठेंगणा, आणि त्याच्या खालच्या बटर पेपरवर तेलाचा पारदर्शक डाग, इतका की कागदातून ओट्याचा दगड दिसत होता. कापला तर तळाशी तोच ओळखीचा पट्टा. दुसऱ्याचा माथा खडबडीत, दोन ठिकाणी भेगाळलेला, आत कोरडा, कागद मात्र स्वच्छ. सहा महिन्यांचा गोंधळ मला त्या दोन ब्रेडांत शेजारी शेजारी दिसला.

असं का होतं तेही समजून घेण्यासारखं आहे. सुटं तेल जास्त झालं की ते पिठाच्या कणांना लपेटून बसतं, ग्लुटेनची, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाची जाळी नीट धरत नाही, बेकिंग पावडरच्या हवेचे बुडबुडे टिकत नाहीत आणि मिश्रण तळाशी बसतं. उलट तळाच्या घट्ट भागात दाण्याचे कण आणि प्रथिनं जास्त, ती दूध शोषून घेतात, पिठाला ओलावा कमी पडतो. दूध कमी-जास्त करून हे सांभाळता येत नाही. मी करून पाहिलंय. चिकट झाला म्हणून पुढच्या वेळी दूध कमी केलं की नेमका तो कोरड्याचा आठवडा यायचा.

उपाय साधा आहे. ज्या दिवशी पीनट बटर कराल त्याच दिवशी, ते कोमट आणि एकजीव असतानाच, १३० ग्रॅमच्या वाटण्या करा. मी चटणीच्या झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्या वापरते. तीन डब्या भरल्या की उरलेलं बरणीत, चपातीसाठी. डब्या फ्रिजमध्ये. आता डबीत तेल वर आलं तरी चिंता नाही, कारण डबीतलं सगळंच्या सगळं एकाच ब्रेडमध्ये जाणार. तेलाचा थेंबही इकडचा तिकडे होत नाही. ब्रेड करायच्या आधी डबी तासभर बाहेर काढून ठेवायची आणि डबीतलंच शेवटपर्यंत निपटून घ्यायचं. आधीच केलेली बरणी असेल तर ती संपूर्ण पातेल्यात उलटी करा, तळ खरवडून घ्या, लाकडी चमच्यानं चांगली घोटा आणि मग वाटण्या करा. बरणीत वरच्या वर ढवळून तळ सुटत नाही.

दुसरी गोष्ट वाटतानाची. मिक्सर अडतो म्हणून आपण दोन चमचे तेल घालतो. घालू नका. भाजलेले दाणे कोमट असतानाच वाटायला घ्या. आधी कूट होईल, मग ते कडेला चिकटून ओलसर गोळा होईल. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. मिक्सर बंद करा, भांडं आणि मोटर दोन्ही गार होऊ द्या, कडा खाली लोटा, पुन्हा फिरवा. चार-पाच वेळा असं केलं की तो गोळा आपोआप सुटतो, चकाकायला लागतो आणि पळीवाढा होतो. माझ्या मिक्सरला थांबत थांबत वीस मिनिटं लागतात. दाणे मंद आचेवर सारखे भाजा, सालं पूर्ण काढा आणि खवट, काळपट किंवा बुरशी लागलेला दाणा बिनदिक्कत फेकून द्या. पावसाळ्यात दमट जागी ठेवलेल्या दाण्यांवर बुरशी धरते, आणि ती नुसती चवीची गोष्ट नाही. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि भाजल्यानं पुरतं जात नाही.

दूध मिसळण्याचीही एक गंमत आहे, ती माहीत नसेल तर माणूस घाबरतो. पीनट बटरमध्ये पहिलं थोडं दूध घातलं की ते सैल होण्याऐवजी एकदम घट्ट होतं, पिठल्यासारखं चमच्याला धरून बसतं. बिघडलं असं वाटतं, पण बिघडलेलं नसतं. दूध कोमट घ्या आणि दोन-दोन चमचे घालत घोटत राहा, पाचव्या-सहाव्या खेपेला ते अचानक मोकळं होतं आणि कढीसारखं एकसारखं दिसतं. सगळं दूध एकदम ओतलं तर पीनट बटरच्या गुठळ्या राहतात आणि ब्रेडमध्ये तिथे तेलकट भोकं पडतात. मैदा, साखर, मीठ, बेकिंग पावडर वेगळं चाळून ठेवा आणि शेवटी दुधाच्या मिश्रणात हलक्या हातानं मिसळा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. मिश्रण भिजल्याबरोबर बेकिंग पावडर कामाला लागते, तेव्हा ओव्हन आधीच तापलेला हवा. मिश्रण ओट्यावर ठेवून फोन घ्यायला जाऊ नका.

पीनट बटरचं गणित जमल्यावरही जुलैअखेर एक ब्रेड बसकाच झाला. तो मात्र बेकिंग पावडरमुळे. ठाण्यातला पावसाळा म्हणजे मिठाला पाणी सुटतं, पापड नरम पडतात, मग बेकिंग पावडर कशी वाचेल? अर्धी वाटी कडकडीत पाण्यात एक चमचा टाकून पाहा. सरसरून फेस आला तर चांगली. नुसते दोन-चार बुडबुडे आले तर नवी आणा. जून ते सप्टेंबर मी सर्वांत लहान पाकीट आणते आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, फ्रिजच्या बाहेर ठेवते. फ्रिजमधून काढलेली गार बाटली दमट हवेत उघडली की आत ओल धरते.

ब्रेड झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका. साखर आणि दाण्यातली प्रथिनं यांच्यामुळे हा ब्रेड लवकर लाल होतो, आत कच्चा असतानाही बाहेरून झालेला दिसतो. पस्तीस मिनिटांनी वरून रंग आला की मी अॅल्युमिनियम फॉइल सैल टाकते आणि पूर्ण वेळ भाजते. काडी घालून पाहायची तर एक लक्षात ठेवा. यात तेल असल्यामुळे शिजलेल्या ब्रेडमधूनही काडी चकचकीत निघते. ती दोन बोटांत चोळा. नुसती निसटली तर तेल, बोटं चिकटली तर कच्चं पीठ. आत खुपसायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९५ अंशांच्या पुढे गेलं की काढा. टिन मधल्या जाळीवर हवा, वरच्या कांडीच्या जवळ ठेवला तर माथा आधी कडक होतो आणि आतला भाग त्याला फाडून वर येतो.

तेव्हा पट्टा दिसला की आधी टिनचा कागद उजेडाकडे धरून पाहा. कागद तेलकट असेल तर दोष बरणीचा. कागद कोरडा आणि पट्टा तरीही आहे, तर ओव्हनचं तापमान किंवा भाजण्याचा वेळ कमी पडला, नाहीतर ब्रेड गरम असताना कापला. आतली वाफ निवायच्या आधी सुरी लावली तर चांगला भाजलेला ब्रेडही चिकट दिसतो. दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर दोन तास, हे मी आता कोणालाही मोडू देत नाही. अख्खा ब्रेडच ठेंगणा आणि गच्च असेल तर बेकिंग पावडर पाहा. कोरडा झाला असेल तर बरणीचा तळ आठवा. अर्धी कणीक घालत असाल तर दूध ३०-४० मिली जास्त लागतं, कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते.

कोणाला दाण्यांचं वावडं नाही ना, हे दुसऱ्यांच्या मुलांना देण्याआधी त्यांच्या आईला जरूर विचारा. नुसत्या वासावरून किंवा रंगावरून यात दाणे आहेत हे मुलांना कळत नाही.

आमच्या हवेत हा ब्रेड बाहेर दोन दिवस टिकतो. पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी काप करून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये टाकते. सकाळी काप थेट तव्यावर, मंद आचेवर, दोन्ही बाजूंनी.

आणि आजच फसलेला ब्रेड समोर असेल तर टाकू नका. कोरडा झालेला ब्रेड कुस्करून गरम दुधात घाला, वर चिमूटभर वेलची, मुलं वाटीभर खातात. तेलकट पट्टा पडलेल्याचे अर्धा इंच जाडीचे काप करून १५० अंशांवर पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून, भाजा. चांगले कुरकुरीत टोस्ट होतात. बरणीच्या तळाचं घट्ट पीनट बटर उरलं असेल तर ते ब्रेडमध्ये घालायचा मोह टाळा. गरम पाण्यात घोटून उपासाच्या दाण्याच्या आमटीत घाला, वर जिरं-मिरचीची तुपातली फोडणी द्या आणि दोन आमसुलं टाका. आमच्याकडे परवाच्या एकादशीला तीच झाली.